दुसरा दोर

मिस्त्री पाण्याला भितो, असं त्याच्या बायकोनं गावभर करून ठेवलं होतं. बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, तिच्या कामावरच्या, लाँड्रीतल्या झाडून साऱ्या बायकांना सांगितलं. "बादली काठोकाठ भरलेली दिसली तरी यांना घाम फुटतो," असं म्हणून ती हसायची आणि मिस्त्री खाली मान घालून ऐकून घ्यायचा. ते अर्धं खरंच होतं. त्याला पोहता येत नव्हतं आणि जहाजावर सात दिवस खाली नुसतं पाणीच पाणी, या विचारानं कुणाच्याही तोंडचं पाणी पळेल. पण गेले पाच आठवडे त्याच्या पोटात जो गोळा बसला होता, तो समुद्राचा नव्हता. तो एका सहा मजली इमारतीतल्या लिफ्टचा होता. बायको त्याला समुद्राचा समजत होती, आणि ती तसं समजतेय तोवर बरं आहे, असं मिस्त्रीला वाटत होतं.

मुळापासून सांगायला हवं. मिस्त्री लिफ्टच्या कंपनीत. बावीस वर्षं लिफ्टा बसवल्या, मग गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले तेव्हा कंपनीनं त्याला तपासणीवर घातलं. इमारतीइमारतीतून जायचं, लिफ्ट उघडून बघायची, अठरा चौकोनांच्या फॉर्मवर खुणा करायच्या आणि खाली सही ठोकायची. ती सही मग काचेच्या चौकटीत बसून लिफ्टमध्ये टांगली जाते. तुम्ही आम्ही तिच्याकडे बघतही नाही.

या माणसाचा जन्माचा एकच नियम, एकावर कधी विसंबू नये. लिफ्टचा डबा चार दोरांवर लटकतो. चारांतला एकटा दोरसुद्धा डबा पेलू शकतो, तरी चार असतात. आणि चारही गेले, तर डब्याखाली लोखंडी जबडे असतात, ते दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात आणि डबा जागच्या जागी अडकतो. हा झाला सेफ्टी ब्रेक. मिस्त्रीनं हेच घरातही चालवलं होतं. घरात टॉर्च दोन, छत्र्या चार, कुलपाच्या किल्ल्या सहा. लेकीच्या लग्नात फोटोवाले दोन बोलावले, आणि पहिला जेवून झोपून गेला तेव्हा बायकोला गप्प बसावं लागलं. कंपनीत त्याला 'दुसरा दोर' म्हणूनच हाक मारायचे. त्याला ते आवडायचं.

बायको एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. तीनेक महिन्यांनी नोकरीतून सुटणार होती. सुटल्यावर काय हवं, असं मिस्त्रीनं विचारलं, तेव्हा त्याला वाटलं शिलाईचं नवं मशीन म्हणेल.

"क्रूझ," ती म्हणाली.

"कुठलं क्रूझ?"

"जहाजावरचं. सात रात्री. दुसऱ्या कुणीतरी इस्त्री केलेल्या चादरीवर झोपायचंय मला. आणि सकाळी उठून ती चादर तशीच चुरगळून टाकून नाश्त्याला जायचंय."

"मग हॉटेलात जाऊ की एखाद्या. जमिनीवरच्या."

"हॉटेलात मला आतलं सगळं दिसतं. मी पलंगाचे कोपरेच तपासत बसेन. जहाजाचं मला काही कळत नाही, तिथं मला झोप लागेल."

 मिस्त्रीनं कागद-पेन्सिल आणली. सत्तावीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं फाडून त्यांच्या कोऱ्या पाठीवर बेत मांडायचा, ही त्या घराची जुनी रीत. लेकीचं लग्न एका जूनच्या पाठीवर बसलं होतं. क्रूझ जानेवारीच्या पाठीवर सुरू झाली आणि बघता बघता एप्रिलपर्यंत पोचली. बायको पैशात बोलतच नसे, चादरीत बोलायची. एका चादरीमागे काय सुटतं ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. दोघांची आतली, बिनखिडकीची केबिन, अकरा हजार चादरी. खिडकीची हवी तर आणखी तीन हजार. बाल्कनीची, तर तिनं त्या ओळीवर काटच मारली. मग हळूहळू एकेक खर्चाचा पाहुणा उगवायला लागला. बंदराचा कर वेगळा. नोकरांची टिप रोजची आणि माणशी, ती आपण देतो म्हणा न म्हणा, बिलाला चिकटतेच. जेवण फुकट, पण सरबताचे पैसे. इंटरनेटचे पैसे. जहाज बंदराला लागलं की खाली उतरून गाव बघायचं तर त्याचे पैसे.

"गावं लांबूनच बघू," बायको म्हणाली. "गावात काय, माणसंच असणार."

बाजूला मिस्त्रीचा रकाना होता, त्याला ती 'दोरखंडाचा रकाना' म्हणायची. उलटीच्या गोळ्या दोन जागी. कागदपत्रांच्या दोन प्रती, दोन पिशव्यांत. विमा. बंदराच्या गावी एक दिवस आधी पोचायचं आणि तिथं रात्रभर राहायचं, कारण बस बिघडली तर जहाज कुणासाठी थांबत नाही. एवढं एक बायकोला पटलं. बाकी सगळ्यावर ती म्हणाली, "तुमच्या हातात असतं ना, तर तुम्ही दुसरं जहाजच मागे न्यायला लावलं असतं."

सगळ्याची बेरीज झाली तेव्हा बायकोनं ती पुन्हा एकदा करून बघितली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथं तर अंथरूणच दुसऱ्याचं होतं आणि तेही तरंगतं. तिची सुटल्यावर मिळणारी रक्कम, साठवलेलं थोडं, तरी खड्डा राहतच होता. तो मिस्त्रीनं भरायचं ठरवलं. ठरलेल्या तपासण्यांच्या वर जितक्या लिफ्टा करशील, तितके जादा पैसे, असा कंपनीचा नियम होता. दिवसाला चार लिफ्टा करणारा माणूस सहा करू लागला. कधी सात.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

बुकिंगचं ऑफिस त्याच सहा मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर होतं. तिथली लिफ्ट मिस्त्रीच्या यादीतलीच. सवलतीची शेवटची तारीख आली, तेव्हा त्यानं त्या लिफ्टची तपासणी मुद्दाम त्याच दिवशी लावून घेतली. एका दगडात दोन पक्षी. बायको लाँड्रीतून थेट वर जाऊन बसणार, हा काम आटपून तिला गाठणार.

चारला त्यानं सुरुवात केली. दोर बघितले. चारांतल्या एकाच्या बारीक तारा तीन-चार ठिकाणी सुटल्या होत्या. 'लक्ष ठेवावे' असं त्यानं लिहिलं. दारं बघितली, बटणं, घंटा. तळाच्या खड्ड्यात उतरून आला. राहिली सेफ्टी ब्रेकची चाचणी. त्यासाठी दोर काही तोडायचे नसतात. गच्चीखालच्या मशीनरूममध्ये एक छोटं चाक असतं, ते हातानं अडवायचं, रिकामा डबा सावकाश खाली सोडायचा आणि जबडे रूळ धरतात का ते बघायचं. पाऊण तासाचं काम, शिवाय अडकलेला डबा सोडवायला आणखी वेळ.

साडेपाचला फोन वाजला.

"अहो, कुठं आहात? सहाला सवलत संपतेय. दोघांच्या सह्या लागतात म्हणे."

मिस्त्रीच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पेन. सतरा चौकोन भरलेले होते. अठराव्यावरही त्यानं खूण केली. खाली सही केली. उद्या सकाळी पहिलं काम हेच करू, असं मनाशी म्हणाला आणि त्याच लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जाऊन दुसरी सही केली. त्या वेळी त्याला काही वाटलंसुद्धा नाही. हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त खुपलं.

उद्या सकाळी सात लिफ्टा होत्या. परवा सहा. चौथ्या दिवशी कंपनीतून प्रमाणपत्र जाऊन त्या डब्यात काचेत बसलंदेखील. आता परत जायचं म्हणजे वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहून मशीनरूमची किल्ली घ्यायची. पास झालेल्या लिफ्टची चाचणी पुन्हा कशाला, असं कुणी विचारलं तर? आणि कुणी विचारलं नाही तरी ते रजिस्टर महिन्याला कंपनीत जातंच. खोटी खूण केलेल्या माणसाला कंपनी चहा पाजत नाही. नोकरी जाणार, जादा पैसे परत मागणार, आणि मग क्रूझ कसली आणि चादरी कसल्या.

मिस्त्री गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत एक आठवडा गेला, मग दुसरा. जितके दिवस गेले तितकं जाणं अवघड झालं, कारण आता नुसती खूण लपवायची नव्हती, मधले दिवसही लपवायचे होते.

आणि मग भीती आली. चांगली बिऱ्हाड करून राहिली. फोन वाजला की तो उचलण्याआधी दोनदा नंबर बघायचा. दुपारी दोन कामांच्या मधे तो त्या इमारतीसमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसायचा आणि आत जाणारी माणसं मोजायचा. काठी टेकत जाणारी चौथ्या मजल्यावरची म्हातारी. जुळ्यांची गाडी ढकलणारी एक आई. पाठीवर दप्तरं घेतलेली, गाण्याच्या क्लासची सहा-सात पोरं, एका खेपेत सगळी कोंबून. ती बाहेर दिसेपर्यंत त्याचा चहा कपातच निवायचा. तो मनाला समजवायचा, चार दोर आहेत, एक झिजला तर तीन आहेत, पंचवीस वर्षं काही झालं नाही ते आत्ताच का होईल? हे बोलणं त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि अशा माणसांशी तो धड बोलायचाही नाही.

घरी तो जहाजाच्या माहितीपत्रकातलं सुरक्षिततेचं पान पुन्हा पुन्हा वाचायचा. लाइफबोटी किती, एका बोटीत माणसं किती, त्या कशावर टांगतात.

"या बोटींचे दोर कोण तपासत असेल?" त्यानं एकदा विचारलं.

"असेल कुणीतरी."

"तेच म्हणतो मी. कोण?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता, पट्टा दोन भोकं आत गेला होता. ती हसली नाही. त्या दिवसापासून तिनं बादलीचा विनोद बंद केला, आणि मिस्त्रीला ते थट्टेपेक्षा जड गेलं.

राहिलेले पैसे भरायचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहापर्यंत मुदत. भरले नाहीत तर बुकिंग रद्द आणि आधी दिलेले बुडाले.

"बँकेतून पाठवून देऊ," मिस्त्री सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला. "कशाला तंगडतोड?"

"मला तिथं जायचंय," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं, लपवलेलं. "तुम्हीही यायचंय."

साडेचारच्या सुमाराला ती दोघं त्या इमारतीत शिरली. मिस्त्री जिन्याकडे वळला.

"इकडं कुठं?"

"चढू की. तेवढाच व्यायाम."

"पाच मजले? या गुडघ्यांनी?" सत्तावीस वर्षं उभं राहून तिचे गुडघे गेले होते, हे तिनं त्याला सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात लिफ्ट आली. काठीवाली म्हातारी आत शिरली, मागून बायको शिरली आणि दार हातानं धरून म्हणाली, "या ना."

आणि हे सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवं. मिस्त्री आत गेला नाही. ज्या डब्यात त्याची स्वतःची बायको उभी होती, त्यात शिरायला त्याचा पाय उचलेना. तिला बाहेर ओढावं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तेही उघडेना. "तुम्ही म्हणजे ना," असं ती म्हणाली आणि दार मिटलं.

मग तो पळाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, हातात कागदांच्या दोन पिशव्या, दोन दोन पायऱ्या टाकत पळाला. भिंतीपलीकडून लिफ्टची घरघर वर चालली होती. दुसऱ्या मजल्यावर त्याला दोर चाकावरून सरकल्याचा आवाज आला, रोज ऐकतो तोच, आणि तो कठड्याला धरून उभाच राहिला. घरघर थांबली. का थांबली? चौथा आला असेल. म्हातारी उतरत असेल. म्हातारी सावकाश उतरते. त्यानं देवाला काही म्हटलं नाही, त्याला तेवढं तोंड नव्हतं. पुन्हा घरघर सुरू झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

पाचव्या मजल्यावर बायको भिंतीला टेकून हसत उभी होती. "लिफ्टवाला आणि जिन्यानं," ती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू गेलं. "अहो, किती घाबरता? अजून तर जहाज बघितलंही नाही."

बुकिंगवाल्या मुलीनं त्याला पाणी दिलं. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काकू, सांगायचं का काकांना?"

"मी सांगते." बायकोनं टेबलावरचा जहाजाचा नकाशा त्याच्याकडे वळवला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "ही आपली केबिन. बदलून घेतली. खिडकीची."

"खिडकीची? तीन हजार चादरी..."

"पाचशेच वर पडल्या. कारण हिच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे. समुद्र दिसत नाही, म्हणून कुणी घेत नाही. पण बोट दिसते. दोर पण दिसतात. रोज सकाळी उठायचं आणि दोर मोजायचे. मी आपली चादरीवर लोळत पडेन." ती एवढं बोलून थांबली, मग हळू म्हणाली, "तुमची दशा बघवत नव्हती. रिकामी आहे का, रिकामी आहे का म्हणून चार गुरुवार खेटे घातले इथं. लाँड्रीतून सुटले की थेट."

चार गुरुवार. मिस्त्रीच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. चारदा वर, चारदा खाली, एकटी. तो समोरच्या चहाच्या दुकानात परक्यांची पोरं मोजत बसला होता, दुपारी. ती यायची संध्याकाळी.

"त्या बोटीचे दोर कोण तपासतं?" त्यानं विचारलं. 

मुलीनं एक कागद पुढं केला. "प्रमाणपत्र आहे ना काका. हे बघा, सही."

"तुमच्यासारखाच कुणी असेल तिथं," बायको म्हणाली. "इथल्या लिफ्टमध्ये तुमची सही आहे, काचेत. पहिल्या गुरुवारी एकटी होते, जुनाट डबा, जरा धाकधूक वाटली. मग सही दिसली. आता मी आधी सही बघते आणि मग बटण दाबते."

मिस्त्री उठला.

"पैसे भरू नकोस," तो म्हणाला. "मी येईपर्यंत भरू नकोस. आणि लिफ्टजवळ जाऊ नकोस."

खाली वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. कारणाच्या रकान्यात मिस्त्रीनं लिहिलं, 'सेफ्टी ब्रेकची चाचणी. आधी केली नव्हती.' वॉचमननं ते वाचलं आणि त्याच्याकडे न बघताच किल्ली दिली. प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' ची पाटी लावत तो वर गेला.

डबा पाचव्यावर होता, रिकामा. मशीनरूममध्ये त्यानं ते छोटं चाक अडवलं आणि डबा सावकाश खाली सोडला. आता थांबायला हवा होता. हातभर उतरून जबडे रुळांना बसायला हवे होते, दोर सैल पडायला हवे होते. दोर सैल पडले नाहीत. डबा उतरत राहिला, शांतपणे, काही झालंच नाही अशा थाटात. चौथा गेला. तिसरा गेला. मिस्त्रीनं वीज तोडली. घाम पुसला, डबा वर आणला आणि पुन्हा सगळं केलं. कदाचित आपलंच काही चुकलं असेल, अशी त्याला फार आशा होती. डबा पुन्हा तसाच उतरला. पंचवीस वर्षांच्या गंजानं जबडे पार जाम झाले होते. या लिफ्टला खाली धरणारं काही नव्हतंच. होते ते चार दोर, त्यातला एक सुटत चाललेला, आणि एक सही.

तो तिथंच तेलकट जमिनीवर बसला.  त्याला जुळ्यांची गाडी दिसली, दप्तरं दिसली, आणि सही बघून बटण दाबणारं एक बोट दिसलं. मग त्यानं कंपनीत फोन लावला आणि साहेबाला सगळं सांगितलं, तारखेसकट. साहेबानं तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, "डब्यातलं प्रमाणपत्र काढून घे. उद्या ऑफिसला ये, हत्यारं घेऊन ये." हत्यारं जमा करायची म्हणजे नोकरी गेली, हे मिस्त्रीला विचारावं लागलं नाही.

सहाला दहा कमी असताना तो खाली आला. कपडे काळे झाले होते. बुकिंगवाल्या मुलीसमोरच त्यानं सांगितलं. पाच आठवड्यांपूर्वीचा फोन, अठरावा चौकोन, चहाचं दुकान, आणि आज न धरलेला ब्रेक. बायको ऐकत होती. पैशाचं पाकीट तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं.

"म्हणजे पाण्याची भीती नव्हती ती," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मगाशी तुम्ही आत आला नाहीत."

"नाही आलो."

तिनं पाकिटाची कड सरळ केली, उगाचच, चादरीची करावी तशी. "एक विचारते. खरं सांगा. आज त्या ब्रेकनं डबा धरला असता, तर मला सांगितलं असतंत?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. रजिस्टरमध्ये लिहून आलो होतो, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण तिनं रजिस्टरचं विचारलं नव्हतं, स्वतःचं विचारलं होतं. मिस्त्री भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. त्याला समुद्राची, कंपनीची, कशाची वाटली नव्हती एवढी भीती त्या वेळी वाटली.

"नसतं सांगितलं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावली. "बुकिंगचे पैसे परत मिळतात का गं?" तिनं मुलीला विचारलं.

"नाही काकू."

"दोन हजार सातशे चादरी," बायको म्हणाली आणि उठली.

जिन्याच्या तोंडाशी मिस्त्रीनं हात पुढं केला. "नको," ती म्हणाली. "कठडा बरा आहे." ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरू लागली. मिस्त्री एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, उलटा उतरत होता. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर तो राहिलेल्या पायऱ्या मोजत होता.

चौथ्या मजल्यावर काठीवाली म्हातारी पाटीसमोर उभी होती. "मगाशी तर चांगली चालू होती," ती कुरकुरली. "कुणी बंद केली?"

"यांनी," बायको म्हणाली. "आज तपासली त्यांनी."

म्हातारीनं मिस्त्रीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, कुणीतरी तपासतं." मिस्त्रीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बायको पुढं निघाली.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे तिच्या गुडघ्यानं दगा दिला. ती पुढं झुकली आणि तिनं पटकन त्याचा खांदा पकडला, घट्ट, बोटं रुतेपर्यंत. दोघं तशीच थांबली. तिचा श्वास त्याच्या कानाशी येत होता.

"किती राहिल्या?" तिनं विचारलं.

"बत्तीस."

"चला," ती म्हणाली. खाली पोचेपर्यंत तिनं त्याचा खांदा सोडला नाही. दुसऱ्या हातातला कठडाही सोडला नाही.